गाडी बंद पडल्यावर रस्त्यात उभ्यानेच कव्हर घेतलं, कंपनीने मदत नाकारली. आता काय करू?

सांजवारा

परवा रात्रीचा प्रसंग. जरा सविस्तर लिहिते, कारण सल्ला हवा आहे.

मी आणि बाबा घरी परतत होतो. भुरभुर पाऊस होता. वाटेत डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं. गाडी नीट चालत होती, घर तासाभरावर, म्हटलं पोचू. अर्ध्या तासाने हेडलाईट पिवळट पडत गेले, वायपर काचेवर रेंगाळायला लागले, मग स्टिअरिंग जड झालं. जेमतेम डाव्या कडेला घेतली आणि इंजिन बंद. परत किल्ली फिरवली तर नुसतं टक टक.

चारी इंडिकेटर लावायला गेले, तेही दोनदा मिणमिणून विझले. बाबांना आधी बाहेर काढून कठड्यापलीकडे उभं केलं. आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर रोडसाईड असिस्टन्सचं, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत मिळण्याचं, कव्हर विकत घेतलं. पाच मिनिटांचं काम होतं. पैसे भरले, पॉलिसी क्रमांक आला, लगेच हेल्पलाईनला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी कधी बंद पडली?" मी म्हटलं, पाऊण तास झाला असेल. त्या म्हणाल्या, "मॅडम, कव्हर उद्या रात्रीपासून लागू होतं, आणि आधीपासून असलेला बिघाड त्यात धरत नाहीत." मी बरीच चिडले त्यांच्यावर. पैसे घेतलेत ना माझे? मग मदत कशासाठी नाही?

शेवटी दोन भल्या माणसांनी गाडी ढकलत जवळच्या पेट्रोल पंपावर लावून दिली आणि आम्ही भाड्याच्या गाडीने घरी आलो. गाडी अजून तिथेच आहे.

मावसभाऊ म्हणतो, कव्हर लागू व्हायचा काळ आता उलटलाय, फोन कर आणि सांग की गाडी आत्ताच बंद पडली. कोणाला कळणार आहे? बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. मला टोइंगचा, म्हणजे गाडी ओढून न्यायचा, खर्च या महिन्यात जड जाणार आहे, म्हणून मनात चलबिचल आहे. कंपनीचं नाकारणं बरोबर आहे का? आणि भाऊ म्हणतो तसं केलं तर काय होईल?

अबोली_र

सर्वात आधी, बाबांना गाडीत बसवून न ठेवता कठड्यापलीकडे नेलंत हे फार चांगलं केलंत. दिवे विझलेल्या गाडीत बसून राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

बाकी मला तुमचाच राग योग्य वाटतो. रात्रीच्या वेळी मोबाईलवरून कव्हर घेणारा माणूस बहुतेक वेळा रस्त्यातच उभा असणार, हे त्यांना माहीत नाही का? पैसे घेण्याआधी तिथेच ठळक लिहायला काय हरकत आहे?

नीरक्षीर

सांजवाराताई, मी वाहन विम्याच्या दाव्यांचं काम बरीच वर्षं केलं आहे. आधी थेट उत्तर देतो: भावाचं ऐकू नका. आणि कंपनीने नाकारलं ते बरोबर आहे. तुमची चीड मला कळते, म्हणून कारणही नीट सांगतो.

विमा घेताना आपण एका शक्यतेची किंमत देत असतो. समजा शंभर गाडीवाले आहेत आणि वर्षभरात त्यातल्या दहांची गाडी बंद पडणार आहे. कोणाची, ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून शंभर जण थोडेथोडे पैसे घालतात आणि दहा टोइंगचा खर्च निघतो. आता सगळ्यांनी ठरवलं की बंद पडल्यावरच पैसे भरू, तर त्या दहांनी भरलेल्या पैशांतूनच दहा टोइंग करावी लागतील. म्हणजे प्रत्येकाला पूर्ण टोइंगची रक्कम, वर कार्यालयाचा खर्च. कव्हर उरतच नाही. २४ किंवा ४८ तासांचा वेटिंग पिरियड, म्हणजे पैसे भरल्यापासून कव्हर लागू होईपर्यंतचा काळ, याचसाठी असतो.

पण यात वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती माहितीची, आणि लोकांचा घोळ इथेच होतो. जहाजांच्या विम्यात एक जुनं कलम आहे, "लॉस्ट ऑर नॉट लॉस्ट", म्हणजे बुडालेलं असो वा नसो. जहाज महिनोन् महिने समुद्रात असायचं, बातमी यायला वेळ लागायचा. अशा वेळी विमा घेतला आणि नंतर कळलं की जहाज आधीच बुडालं होतं, तरी विमा चालायचा. अट एकच: घेणाऱ्याला ते बुडाल्याचं ठाऊक नसलं पाहिजे. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात हे लिहिलेलं आहे. घेणाऱ्याला माहीत आणि देणाऱ्याला माहीत नाही, असं असेल तर पैसे मिळत नाहीत.

परवा तुम्ही नेमक्या त्याच जागी होतात. गाडी बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

कोरी_पाटी

नीरक्षीर, मग दोघांनाही माहीत असेल तर? म्हणजे मी आधीच सांगितलं की गाडी बंद आहे, तरी कव्हर द्या, तर?

नीरक्षीर

चांगला प्रश्न. मग तो सरळ व्यवहार आहे, देणाऱ्याने ठरवायचं. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला भीषण आग लागली. त्यानंतर हॉटेलच्या मालकांनी जबाबदारीचा, म्हणजे इतरांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, जादा विमा घेतला, आणि त्याची सुरुवात आगीच्या आधीच्या तारखेपासून धरली. आग लागली हे विमा कंपन्यांना पूर्ण ठाऊक होतं. नुकसानभरपाई नेमकी किती आणि कधी द्यावी लागेल हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याची किंमत लावली. पुढे त्यावर वाद झाले, पण विमा दिला गेला हे खरं.

तुमच्या गाडीत तसं अनिश्चित काही उरलेलं नव्हतं. ती बंद होती आणि उचलून न्यायची होती.

रानवाटा

दोघांनाही माहीत असल्याचा प्रकार मी स्वतः वापरला आहे. काही वर्षं ब्रिटनमध्ये होते. तिथल्या एए, आरएसी अशा बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या संस्था रस्त्यात अडकलेल्या माणसालाही सभासद करून घेतात, पण त्यासाठी वेगळा आकार लावतात. माझा क्लच गेला तेव्हा मी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं की सभासद नाही आणि गाडी आत्ता बंद आहे. नेहमीच्या वर्गणीपेक्षा बरेच जास्त पैसे गेले, पण गाडी उचलली आणि पुढचं वर्षभर सभासदत्वही राहिलं.

या संस्थांचा इतिहास मला फार आवडतो. अमेरिकेतली एएए १९०२ ची, जर्मनीतली एडीएसी १९०३ ची, ब्रिटनमधली एए १९०५ ची. एए सुरू झाली ती वेग मोजायला दबा धरून बसलेल्या पोलिसांची आगाऊ सूचना गाडीवाल्यांना द्यायला, आणि त्यांची माणसं सायकलवरून फिरायची. म्हणजे मुळात ही वाहनचालकांची एकमेकांना धरून राहायची सोय होती.

सांजवारा, म्हणून त्या कंपनीला परत फोन करून विचारा की एका खेपेचे पैसे भरून टो करून द्याल का. क्लेमचं नाव काढू नका, सरळ सेवा मागा. बऱ्याच कंपन्या देतात.

दहाचा_पाना

मी टो व्हॅन चालवतो, त्याआधी गॅरेजमध्ये होतो. भाऊ म्हणतो "कोणाला कळणार आहे", त्यावर बोलतो.

आम्हाला कळतं. आत्ताच बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की ऊब येते. दोन दिवस उभी असलेली गाडी थंडगार असते. टायरखालची जमीन कोरडी आणि आजूबाजूला ओल, असंही दिसतं. काचेवर धूळ आणि पानं बसलेली असतात, ब्रेक डिस्कवर तांबूस गंज धरलेला असतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता सांगतो की ही परवापासून इथेच आहे. वर तुमचा पहिला फोन रेकॉर्ड झालेला आहे. त्यात तुम्हीच सांगितलंय की गाडी बंद आहे, नंबरही दिलेला असणार. आम्हाला जागेवर पोचल्यावर गाडीचा फोटो आणि किलोमीटरचा आकडा पाठवावा लागतो. मी काय दिसलं ते लिहितो, कोणासाठी खोटं लिहित नाही. माझी रोजी त्यावर आहे.

आता मला गाडीविषयी विचारायचंय, कारण तुम्ही फार नीट वर्णन केलंय.

एक, लाल चिन्ह लागल्यावर स्टिअरिंग लगेच जड झालं की अगदी शेवटी? दोन, तापमानाचा काटा वर गेला होता का? तीन, चिन्ह लागायच्या आधी पुढून काही आवाज, फटका, चिरचिर?

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. नीरक्षीर, जहाजाचं वाचल्यावर पहिल्यांदा नीट पटलं. त्या हेल्पलाईनच्या बाईंवर मी ओरडले याचं आता वाईट वाटतंय.

दहाचा_पाना, स्टिअरिंग अगदी शेवटी जड झालं, बंद पडायच्या मिनिटभर आधी. काटा शेवटपर्यंत मध्यावर होता. आवाज म्हणाल तर हो, चिन्ह लागायच्या आधी थोडा वेळ चिरचिर येत होती आणि एकदा खालून काहीतरी आपटल्यासारखं झालं. मला वाटलं दगड उडाला.

दहाचा_पाना

तो दगड नव्हता, तुमचा बेल्ट होता. माझा अंदाज.

इंजिनच्या बाजूने फिरणारा जो पट्टा असतो, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, तो अल्टरनेटर फिरवतो. अल्टरनेटर गाडी चालू असताना वीज तयार करतो आणि बॅटरी भरत ठेवतो. पट्टा तुटला की वीज बनणं थांबतं, लाल चिन्ह लागतं, आणि पुढचं सगळं बॅटरीत आधी साठलेल्यावर चालतं. रात्र, पाऊस, हेडलाईट, वायपर, काच साफ ठेवायला पंखा, म्हणजे अर्धा तास चालली हेच पुष्कळ.

स्टिअरिंग शेवटी जड झालं म्हणजे ते विजेवरचं आहे, बॅटरी संपत आली तेव्हा त्याने हात टेकले. तेलावरचं असतं तर पट्टा तुटल्या क्षणी जड झालं असतं. आणि काटा वर गेला नाही म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा तुमचा वॉटर पंप या पट्ट्यावर नाही. ज्या गाड्यांत तो याच पट्ट्यावर असतो, तिथे लाल चिन्ह लागल्यावर गाडी दामटली तर काही मिनिटांत इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाऊ शकतं. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो: लाल बॅटरी लागली की आधी काटा बघा. चढायला लागला असेल तर तिथल्या तिथे थांबायचं, घर कितीही जवळ असो.

उद्या उजेडात इंजिन बंद असताना बॉनेट उघडून बघा. पट्टा दिसला नाही किंवा चिंध्या लोंबत असतील तर नक्की झालं. कोणी जंपर केबल लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून, सुरू करून देतो म्हणालं तरी चालवत आणू नका. गाडी सुरू होईल आणि पुढच्या वळणावर परत बंद पडेल. पट्टा जागेवर असेल तर कोणाकडून तरी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ किंवा त्याखाली दिसले तर अल्टरनेटर चार्ज देत नाही.

भ्रमंतीवेडा

एक गोष्ट कोणी बोललं नाही. नवं कव्हर घेण्याआधी जुनं आहे का ते बघायचं. वाहन विम्याच्या पॉलिसीत रोडसाईड असिस्टन्स जोडलेलं असू शकतं, गाडीच्या वाढीव वॉरंटीत असतं, काही बँका कार्डासोबत देतात. माझ्या ओळखीत एकांनी भर उन्हात पैसे देऊन टो केलं आणि आठवड्याने पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर सापडलं की ते फुकट होतं. एकदा बसून सगळे कागद वाचायचे आणि तो हेल्पलाईन क्रमांक फोनमध्ये "गाडी बंद" नावाने साठवून ठेवायचा. कागद घरी आणि आपण रस्त्यात, असं होतं.

आणि बघताना कव्हर माणसाला आहे की गाडीला, तेही बघा. गाडीला असेल तर तुम्ही बहिणीची गाडी चालवताना उपयोग नाही.

कोरी_पाटी

मला एक खरंच समजून घ्यायचंय. माझी बॅटरी जुनी झाली आहे. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते. पुढच्या आठवड्यात लांब जायचंय. मी आज कव्हर घेतलं, वेटिंग पिरियड संपला, आणि प्रवासात बॅटरी गेली. हे सांजवारांच्या भावासारखंच झालं का? मलाही तर आधी कल्पना होतीच.

नीरक्षीर

नाही, ते वेगळं, पण सीमा जवळ आहे. जुनी झालेली वस्तू कधीतरी जाणार ही कल्पना सगळ्यांनाच असते, त्यासाठीच कव्हर घेतात. पण याच आठवड्यात तुम्ही दोनदा शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट केलं असेल, तर तो माहीत असलेला बिघाड झाला. बहुतेक करारांत गाडी चालण्याच्या स्थितीत असावी आणि दुरुस्त न केलेला तोच बिघाड पुन्हा धरला जाणार नाही, अशी अट असते.

विमा घेणाऱ्याने जे माहीत आहे ते सांगायचं, हा नियम लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोह्म या खटल्यात मांडला. सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचा वाद होता. त्यात विमा घेणारा जिंकला, हे मला महत्त्वाचं वाटतं. न्यायाधीशांचं म्हणणं असं होतं की जे विमा देणाऱ्याला स्वतः सहज कळू शकत होतं, ते सांगितलं नाही म्हणून घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. म्हणजे सचोटी दोन्हीकडून लागते.

तुमच्यासाठी सल्ला: प्रवासाआधी बॅटरी तपासून घ्या.

दहाचा_पाना

+१. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर तिच्या भरवशावर लांब जाऊ नका. मी ज्या गाड्या उचलायला जातो त्यात बॅटरी आणि टायर हेच सर्वात जास्त. विजेच्या गाड्यांतसुद्धा छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती गेली की अख्खी गाडी निपचित पडते. विजेची गाडी असेल तर फोनवर आधीच सांगा, कारण तिला चाकं जमिनीवर ठेवून ओढत नाहीत, फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, लागतो.

अबोली_र

नीरक्षीर, सचोटी दोन्हीकडून म्हणालात म्हणून परत विचारते. पैसे घेण्याच्या पानावर "तुमची गाडी सध्या चालू स्थितीत आहे का?" एवढा एक प्रश्न टाकला असता तर सांजवारांनी पैसेच भरले नसते. तो प्रश्न न टाकणं ही सचोटी आहे का?

नीरक्षीर

नाही. इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. तक्रार करायची तर ती याच मुद्द्यावर करावी: मदत नाकारल्याची नाही, विकताना अट ठळक न दाखवल्याची. सांजवाराताई, अट कुठे होती?

सांजवारा

आत्ता परत जाऊन पाहिलं. पैसे भरण्याच्या पानावर कुठेच नाही. "अटी मान्य" या चौकटीमागे जो कागद उघडतो त्याच्या चौथ्या पानावर आहे. मी तो उघडला नव्हता. मोबाईलवर ओली बोटं पुसत पुसत बरोबरची खूण केली होती.

आजची हकीकत. सकाळी बाबांना घेऊन पंपावर गेले. बॉनेट उघडलं. पट्टा गायब! खालच्या पत्र्यात त्याचा वीतभर तुकडा अडकलेला होता, कडेने दोरे सुटलेले, आतल्या बाजूला काचेसारखा चकचकीत झालेला. दहाचा_पाना, तुम्ही न बघता ओळखलंत. बाबा केव्हाचे तो तुकडा हातात घेऊन बघत होते.

भ्रमंतीवेडा म्हणतात ते कागदही काढले. गेल्या वर्षीच्या पॉलिसीत रोडसाईड असिस्टन्स होतं. या वर्षी नूतनीकरण करताना हप्ता कमी व्हावा म्हणून मीच ते काढलं होतं. आठवतही नव्हतं.

मग रानवाटा म्हणाल्या तसं कंपनीला फोन केला. सगळं खरं सांगितलं: परवा मीच फोन केला होता, गाडी तेव्हापासून बंद आहे, क्लेम नको, पैसे देऊन टो हवं आहे. त्यांनी अंतर विचारलं, आकडा सांगितला, तासाभरात फ्लॅटबेड आला. खर्च जड गेला, पण बाहेरून जे सांगत होते त्यापेक्षा कमी. परवाच्या बाईंसाठी निरोपही ठेवला आहे.

आता एक शेवटचा प्रश्न. घेतलेलं कव्हर परत करू की ठेवू? ठरावीक दिवसांत पूर्ण पैसे परत मिळतात असं त्यांनी सांगितलं.

भ्रमंतीवेडा

ठेवा. वर्षभरात एकदाही लागलं तरी वसूल. फक्त वर्षाला किती खेपा आणि टो किती किलोमीटरपर्यंत, ते बघून मग ठरवा. अंतर फार कमी असेल तर परत करून दुसरं घ्या.

नीरक्षीर

ठेवणार असाल तर गॅरेजचं बिल जपून ठेवा. काय बदललं, तारीख, किलोमीटर, सगळं त्यावर हवं. उद्या दुसऱ्या कारणाने बॅटरीचं चिन्ह लागलं तर हा जुनाच बिघाड आहे असं कोणी म्हणू नये. आणि विक्रीच्या पानाबद्दल त्यांना लेखी कळवा. तुमच्यामागे रस्त्यात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला उपयोग होईल.

दहाचा_पाना

गॅरेजवाल्याला नुसता पट्टा बदलू देऊ नका. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुली आणि ताण धरणारा टेन्शनर हाताने फिरवून बघायला सांगा. आतला चकचकीतपणा आणि चिरचिर म्हणजे तो कुठेतरी घसरत होता. एखाद्या पुलीचं बेअरिंग जाम असेल तर नवा पट्टाही थोड्या दिवसांत जळेल.

सांजवारा

आत्ता गॅरेजमधून फोन आला. टेन्शनरची पुली हाताने फिरतच नाही म्हणाले. पट्टा, टेन्शनर दोन्ही बदलत आहेत, बॅटरी चार्जिंगला लावली आहे. उद्या संध्याकाळी गाडी मिळेल. जुनी पुली आणि पट्ट्याचा तुकडा ठेवून द्यायला सांगितला आहे, बाबांना बघायची आहे. कव्हर ठेवतेय. विक्रीच्या पानाबद्दलचं पत्र अर्धं लिहून झालं आहे, अबोली, तुमचा तो प्रश्न त्यात जसाच्या तसा घेतला तर चालेल ना?

अबोली_र

चालेल म्हणजे काय, घ्याच. उत्तर आलं की इथे टाका.